वाढीव उत्पन्न आणि बाबांचं नाक

करांबद्दल कुणी चुकीचं बोललं की माझ्या डोक्यात तिडीक जाते. हा काही सद्गुण नाही, हे मला मान्य आहे. एकदा मी दातांच्या डॉक्टरकडे तोंड उघडं टाकून पडले होते आणि ते आपल्या नर्सला समजावत होते, ‘‘जास्तीची पाळी घेऊ नकोस गं, उत्पन्न वरच्या टप्प्यात गेलं तर हातात उलट कमीच येईल.’’ मी तोंडातली नळी काढून बाजूला ठेवली आणि उठून बसले. त्या दिवशी माझी दाढ अर्धवटच भरली गेली, पण नर्सबाईंनी पाळी घेतली.

बस डेपोच्या पगार विभागात माझी निम्मी नोकरी ह्याच भांडणात गेली आहे. वर्ष संपत आलं की ड्रायव्हर मंडळी जादा फेऱ्या नाकारायला लागतात. का, तर म्हणे रेषा ओलांडली जाईल. एकेकाला खिडकीशी बोलावून मी सांगते, बाबा रे, वाढीव कर वाढलेल्या पैशांवर लागतो, सगळ्या पगारावर नाही. माना डोलावतात आणि पुढल्या वर्षी पुन्हा तेच. ते परके असतात, म्हणून मी सोडून देते. पण आपल्याच बापानं हे वाक्य आपल्याच तोंडावर मारावं म्हणजे काय?

माझे बाबा चहा चाखायचे. चहाच्या कंपनीत त्यांनी जन्म काढला तो एका लांबलचक टेबलापाशी. टेबलावर पांढऱ्याशुभ्र कपांची रांग, प्रत्येक कपात वेगळ्या मळ्याचा चहा. बाबा चमचा बुडवायचे, शेजारच्या गल्लीत ऐकू जाईल असा भुरका मारायचे, तो घोट तोंडात घोळवून बाजूच्या उंच डब्यात थुंकायचे आणि पुढच्या कपाकडे सरकायचे. जीभ लागतेच, पण खरं काम नाकाचं. बाबांचं नाक असं होतं की पोतं ओल्या गोदामात ठेवलं होतं, की जहाजात कांद्यांशेजारी, हे ते नुसत्या वासावरून सांगायचे. आई म्हणायची, ‘‘ह्यांच्याशी लग्न केल्यापासून घरात काही चोरून खायची सोय राहिली नाही.’’ ती छापखान्यात होती. ती जिना चढायला लागली की बाबा आतूनच सांगायचे, ‘‘आज लाल शाई होती वाटतं.’’

बाबा निवृत्त झाले आणि पाठोपाठ आई गेली. त्यानंतर बाबा सपातांतून बाहेर पडलेच नाहीत. सकाळी खिडकी पुसायची, दुपारी तीच खिडकी पुन्हा पुसायची. वर्तमानपत्र घडी न मोडता टेबलावर पडून राहायचं. मी दर रविवारी डबा घेऊन जायचे. झाकण उघडायच्या आधीच ते म्हणायचे, ‘‘वा! काय वास सुटलाय!’’ जेवायचे मात्र दोन घास. धडधाकट माणूस डोळ्यांदेखत वाळत चालला होता आणि मला काही सुचत नव्हतं.

अशात चिमणीचा फोन आला. चिमणी म्हणजे बाबांची शिष्या. नवीन होती तेव्हा अगदी एवढुसा भुरका मारायची, म्हणून बाबांनी ते नाव ठेवलं. आता ती त्या विभागाची प्रमुख आहे, तिचे केस पिकले आहेत, सगळे तिला मॅडम म्हणतात, पण बाबांसाठी चिमणी ती चिमणीच. ती म्हणाली, ‘‘अगं, हंगाम तोंडावर आलाय आणि माझा एक माणूस सोडून गेला. सरांना हंगामापुरतं बोलावलंय, रोज सकाळचे काही तास. मानधन चांगलं आहे. पण सर नुसतं बघतो बघतो करतायत. सोमवारपर्यंत हो-नाही कळायला हवं, नाहीतर मला बाहेरून माणूस घ्यावा लागेल. आणि एकदा घेतला की घेतला.’’

मला तर आभाळ ठेंगणं झालं. ते टेबल, ते कप, तो भुरका. बाबांना माणसात आणायला ह्याहून चांगलं औषध कुठल्या दुकानात मिळणार होतं? रविवारी सकाळी मी डबा न घेताच निघाले. जेवण जाऊ दे, आधी होकार.

‘‘नाही जमायचं,’’ बाबा म्हणाले.

‘‘का?’’

‘‘कर पडेल.’’

मी श्वास घेतला. ‘‘कर कुणाला चुकलाय? तुम्हाला पेन्शनवर पडतोच की.’’

‘‘तेच तर. आत्ता कमी पडतोय. हे पैसे आले की मी वरच्या टप्प्यात जाणार. मग सगळ्याच पैशांवर जास्त दर. पेन्शनचेसुद्धा जातील. काम करून पदरचे घालायचे? कुणी सांगितलाय उद्योग!’’

‘‘बाबा, मी काय काम करते?’’

‘‘तू ड्रायव्हर लोकांचं बघतेस. आमचं वेगळं.’’

‘‘कायदा काय चहावाल्यांसाठी निराळा छापलाय?’’

‘‘वकीलबाई, आवाज खाली,’’ ते म्हणाले. मी सात वर्षांची असल्यापासून ते मला वकीलबाई म्हणतात. ‘‘हे बघ, साधी गोष्ट आहे. शंभर पेट्यांचा लॉट येतो. त्यातून काढलेल्या एका कपाला वास आला, तर आम्ही काय करतो? ती एक पेटी बाजूला काढतो? नाही. अख्खा लॉट खालच्या भावात जातो. सरकारचंही तसंच. एक रुपया जरी रेषेच्या वर गेला, तरी अख्खा लॉट गेला.’’

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. जन्मभर हा माणूस लॉट खाली-वर करत आलेला. त्यांच्या त्या टेबलाभोवतीचे सगळेच म्हातारे असंच समजत असणार. एकमेकांना पटवून पटवून त्यांनी ते दगडावर कोरून ठेवलेलं. ड्रायव्हरांना निदान कुणीतरी सांगितलेलं असतं, ह्यांनी तर स्वतःच्या अनुभवातून शोधून काढलं होतं. अशा माणसाला कागदावरचे आकडे दाखवून उपयोग नव्हता.

मी उठले आणि शोकेसमधले कप काढले. निवृत्तीच्या दिवशी कंपनीनं त्यांना चाखण्याच्या कपांचा एक संच दिला होता. ते कप कधी कुणी वापरायचे नाहीत. मी त्यातले तीन टेबलावर मांडले, किटलीभर चहा करून आणला आणि बाबांच्या समोर बसले. बाबा कुतूहलानं बघायला लागले. कप मांडलेले बघून त्यांचा हात आपोआप चमच्याकडे गेला, तो मी बाजूला सारला.

‘‘चमचा सरकारचा,’’ मी म्हटलं. ‘‘ही किटली म्हणजे तुमचं वर्षाचं उत्पन्न. पहिला कप बिनकराचा. ह्यात सरकार हात घालत नाही.’’ मी पहिला कप काठोकाठ भरला. ‘‘तो भरला की दुसरा. ह्यातून सरकार अर्ध्या कपाला एक चमचा घेणार. तुमची पेन्शन इथवर येते.’’ दुसरा कप अर्धा रिकामा राहिला. एक चमचा काढून मी बशीत ओतला. ‘‘हा आत्ताचा तुमचा कर. बरोबर?’’

‘‘बरोबर.’’

‘‘आता चिमणीचे पैसे.’’ मी पुन्हा किटली उचलली. ‘‘आधी दुसऱ्या कपातली जागा भरेल. त्यातल्या तेवढ्यावर त्याच कपाचा दर, म्हणजे अजून एक चमचा. मग उरलेला चहा तिसऱ्यात. इथे दर जास्त आहे. सरकारचे दोन चमचे.’’ मी दुसऱ्यातून एक आणि तिसऱ्यातून दोन चमचे काढून बशीत ओतले. ‘‘झालं. आता सांगा, पहिल्या कपातून काही गेलं?’’

बाबा वाकून बघायला लागले. ‘‘नाही.’’

‘‘दुसऱ्यातून तिसऱ्याच्या दरानं काही काढलं मी?’’

‘‘नाही काढलंस.’’

‘‘बशीत चहा वाढला हे खरं. कर वाढणारच, मी नाही म्हणत नाही. पण तिसऱ्या कपात बघा किती उरला. तो सगळा तुमचा. काम केलं नसतं तर हा कप कोरडाच होता.’’

बाबांनी तिसरा कप हातात घेऊन बघितला. मग त्यांनी एक-दोन शंका काढल्या. त्या चांगल्या होत्या, म्हणून मला आनंद झाला. पेन्शनरांना मिळणारी औषधांची सवलत जाते का, असं विचारलं. काही सवलती उत्पन्नावर अवलंबून असतात हे खरं, पण त्या मी आधीच तपासून आले होते. बाबांची एकही जात नव्हती. कंपनी आपल्या परीनं कर कापेल, तो पुरेल का? कदाचित नाही पुरणार, मी म्हटलं, कारण कंपनीला तुमच्या पेन्शनचा पत्ता नसतो. वर्षाअखेरी फरक भरावा लागेल, म्हणून दर महिन्याला थोडे बाजूला ठेवायचे. ते मी बघीन.

‘‘म्हणजे प्रत्येक कपाचा भाव वेगळा,’’ बाबा सावकाश म्हणाले. ‘‘लॉट नाहीच मुळी.’’

‘‘लॉट नाहीच!’’ मी टाळी वाजवली. डेपोतल्या एकालाही इतक्या वर्षांत हे इतकं स्वच्छ कळलं नव्हतं. माझी छाती अभिमानानं फुगली, बापाच्या आणि स्वतःच्याही. ‘‘लावा आता फोन चिमणीला.’’

बाबा उठले. फोनकडे गेले नाहीत. कप गोळा करून मोरीत नेले आणि धुवायला लागले. तीन कप धुवायला एवढा वेळ लागत नाही.

मी मागे जाऊन उभी राहिले. ‘‘अजून काही शंका आहे का?’’

‘‘नाही. पटलं.’’

‘‘मग?’’

‘‘पटलं हीच तर पंचाईत झाली,’’ बाबा म्हणाले. त्यांनी नळ बंद केला, हात पुसले आणि फडकं नीट घडी घालून ठेवलं. ‘‘चांगलं कारण होतं गं ते. घालवलंस तू.’’

मी आपली अजून विजयाच्या धुंदीत.

‘‘तू आता टेबलावर चहा ओतत होतीस ना,’’ ते म्हणाले, ‘‘तो चहा आहे हे मला रंगावरून कळलं. काळा असता तर कॉफी म्हटलं असतं.’’

‘‘म्हणजे?’’

‘‘म्हणजे वास येत नाही मला. गेल्या थंडीतला ताप आठवतो का? तो गेला, पण जाताना हे घेऊन गेला. जिभेला गोड कळतं, कडू कळतं, खारट-आंबट कळतं. बाकी सगळं गरम पाणी.’’

मी तिथेच मोरीजवळच्या स्टुलावर बसले. ‘‘पण दर रविवारी तुम्ही डबा उघडायच्या आधीच...’’

‘‘तुझा चेहरा बघून म्हणतो. मन लावून केलं असलंस की डबा माझ्या हातात देत नाहीस, स्वतः टेबलावर ठेवतेस. मग मी म्हणतो, काय वास सुटलाय.’’

‘‘आणि दोन घास खाता.’’

‘‘नुसतं गरम आणि मऊ लागतं गं. किती खाणार?’’

दोन रविवारांपूर्वी दूध करपून भांडं काळं झालं होतं आणि बाबा शेजारच्या खोलीत शांत बसले होते. त्यावरून मी त्यांना किती बोलले होते! लक्ष कुठे असतं तुमचं, घर जाळाल एखाद दिवशी. त्यांनी एका शब्दानं उलट उत्तर दिलं नव्हतं. मला स्वतःचीच लाज वाटली आणि त्यांची फार माया आली.

‘‘डॉक्टर काय म्हणाले?’’

‘‘येईलही, नाहीही येणार. त्यांच्याकडे काय, तेवढंच असतं सांगायला.’’

‘‘मला का नाही सांगितलंत?’’

‘‘तुला सांगितलं असतं तर तू पुस्तकं घेऊन आली असतीस,’’ बाबा हसले. मग हसणं थांबलं. ‘‘कर पडतो म्हटलं की लोक मान डोलावतात, विषय संपतो. माझं नाक गेलं म्हटलं की काय करतील? चाळीस वर्षं मी म्हणजे नाक. ते काढलं की खाली काय उरतं, ते मलाच बघायचं नव्हतं.’’

मी त्यांचा हात धरला. पाण्यानं गार पडला होता. ते काही बोलणार होते, पण अडखळत होते. बाबा अडखळले की समोरच्यानं गप्प बसायचं असतं, हे आईनं मला शिकवलं होतं. माझा स्वभाव बघता ते शिक्षण कधी उपयोगी पडलं नव्हतं. त्या दिवशी पडलं.

‘‘कपाटात तुझ्या आईचा राखाडी स्वेटर आहे,’’ ते म्हणाले. ‘‘धुतला नाही. रोज सकाळी मी दार उघडायचो. फार नाही, एकदाच. शाई, साबण आणि तिसरं एक काहीतरी, ज्याला आमच्या धंद्यात शब्द नाही. तापातून उठल्यावर पहिलं जाऊन दार उघडलं, तर नुसता स्वेटर. लोकर. ती गेली तेव्हा मी तिच्यासाठी काही करू शकलो नाही. पण निदान एवढं माझ्याकडे राहिलं होतं, तेही माझ्याच नाकानं घालवलं.’’

मग माझ्याकडे न बघता म्हणाले, ‘‘तू एकदा बघतेस? आहे का ते सांग. कुणाला विचारणार होतो मी?’’

मी आतल्या खोलीत गेले. कपाट उघडलं. स्वेटर हँगरला होता, एक कोपर जरा ताणलेलं, तिची टेबलाला कोपर टेकून बसायची सवय. मी तो दोन्ही हातांनी काढला, तोंड खुपसलं आणि खोल श्वास घेतला. मग पुन्हा घेतला. बाही हुंगली, गळा हुंगला, काखेत नाक घातलं. मला हवा होता हो तो वास, बाबांइतकाच मलाही हवा होता. पण लाकूड होतं, थोडी धूळ होती आणि डांबराच्या गोळ्या. आई कुठेच नव्हती.

दारात बाबा उभे होते. त्यांनी जन्मभर शिकाऊ पोरांना एक कप हातात देऊन विचारलं होतं, काय वाटतं? आणि त्यांना खूश करायला कुणी काही दडपून दिलं, तर त्यांना तत्क्षणी कळायचं. तरीही ‘आहे’ असं म्हणावं, हे माझ्या ओठांवर आलं होतं. खोटं सांगते कशाला, फार जवळ आलं होतं.

‘‘नाही बाबा,’’ मी म्हटलं. ‘‘गेलाय. कपाटाचा येतोय नुसता.’’

‘‘नक्की?’’

‘‘नक्की. सगळीकडे बघितलं. मलासुद्धा येत नाही.’’

मला वाटलं, हे आता कोसळणार. मी स्वेटर घट्ट धरून उभी. पण बाबा पलंगाच्या कडेवर बसले आणि त्यांनी असा श्वास सोडला, जणू खांद्यावरचं पोतं कुणी उतरवून घेतलं.

‘‘म्हणजे तो जाणारच होता,’’ ते म्हणाले.

‘‘जाणारच होता.’’

‘‘माझं नाक शाबूत असतं तरी.’’

‘‘तरीही. दोन वर्षं झाली बाबा.’’

‘‘बरं झालं,’’ बाबा म्हणाले. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसतही नव्हते. ‘‘बरं झालं सांगितलंस. मला वाटत होतं मीच घालवलं तिला.’’

मग मीही रडले. दोघं पलंगावर शेजारी बसून रडलो, मध्ये स्वेटर. कुणी बघितलं असतं तर त्यांना वाटलं असतं, करवाल्यांनी घर जप्त केलं.

थोड्या वेळानं बाबा उठले, तोंड धुऊन आले आणि सरळ फोनपाशी गेले. मी जागची हलले नाही. त्यांना ऐकू कमी येत नाही, पण फोन ते नेहमी मोठ्या आवाजात लावतात, त्यामुळे मला पलीकडचं सगळं ऐकू येत होतं.

‘‘चिमणे,’’ ते म्हणाले, ‘‘एक सांगायचंय. मध्ये बोलू नकोस. माझं नाक गेलंय. ताप आला होता, त्यात गेलं. परत येईल असं धरून चालू नकोस. बाकीचा मी शाबूत आहे.’’

मी स्वेटरची बाही मुठीत आवळली.

‘‘सर,’’ चिमणीचा आवाज आला, ‘‘सुकी पानं बघून सांगाल?’’

‘‘डोळे आहेत की.’’

‘‘ओली?’’

‘‘बोटं आहेत.’’

‘‘आणि चहा जिभेला धरतो की नुसता सरकतो, ते?’’

‘‘ते जिभेचं काम. जीभ अजून तिखट आहे, मुलीला विचार.’’

चिमणी हसली. मग जरा चाचरत म्हणाली, ‘‘वास मी घेईन सर. नाहीतरी शेवटचा शब्द मलाच द्यावा लागतो. पण निम्मं काम म्हटलं की वरचे लोक मानधनही निम्मंच करतील. मला काही करता येणार नाही.’’

बाबांनी फोनवर हात ठेवला आणि माझ्याकडे बघितलं. निम्म्या मानधनात तिसऱ्या कपात एक थेंबसुद्धा पडत नव्हता. मी मनातल्या मनात लगेच हिशेब केला होता. सकाळपासूनचं माझं सगळं व्याख्यान फुकट गेलं होतं. करांबद्दल काहीतरी सांगायची इतकी सुरेख संधी मला आयुष्यात पुन्हा मिळाली नसती. मी नुसती मान डोलावली.

‘‘चालेल,’’ बाबा फोनमध्ये म्हणाले.

‘‘मग बाकीचे तुम्ही उद्या सकाळी या,’’ चिमणी म्हणाली. ‘‘वाट बघते.’’

बाबांनी फोन ठेवला, सपाता काढल्या आणि पलंगाखाली वाकून बूट शोधायला लागले. त्यातला एक सापडेना, म्हणून मीही वाकले.